फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं: शाळेतल्या संगीताच्या तासाबद्दल

मागच्या महिन्यात इथल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक ग्रुपवर भांडण पेटलं. तसं ते नेहमीच पेटतं, युनिफॉर्मवरून, सहलीवरून, पण या वेळी विषय जरा बरा होता. कॉम्प्युटर लॅबमधल्या बारा मशीनवर ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करून कापायला-जोडायला), म्युझस्कोर (नोटेशन लिहायला), एलएमएमएस (सूर-ताल जोडून ट्रॅक बनवायला) अशी मोफत सॉफ्टवेअर टाकायची आणि आठवड्यातला एक संगीताचा तास तिथं घ्यायचा, एवढाच प्रस्ताव. झालं! एक गट म्हणाला, फुकट आहे ना, मग प्रश्नच कुठे येतो, टाका आणि सुरू करा. दुसरा गट म्हणाला, संगीत ही गुरुमुखी विद्या, ती काय माउसने येणारेय, उद्या पोरं तंबोऱ्याऐवजी स्क्रीनच्या पाया पडतील. दोन दिवसांत दोनशेच्या वर मेसेज पडले आणि त्या तासाला मुलं नक्की करणार काय, यावर एकही मेसेज नव्हता. मी वर जाऊन जाऊन शोधला, नव्हताच.

मी मिरजेजवळच्या एका गावात, दुसऱ्याच शाळेत, दोन वर्षं शनिवारी सकाळी हा उद्योग करतोय, बिनपगारी, त्यामुळे मत देण्याचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो. तर माझं म्हणणं असं, की ही सॉफ्टवेअर शाळेत यायलाच हवीत, पण फुकट आहेत म्हणून नव्हे, आणि गाणं ‘बनवण्यासाठी’ तर अजिबात नव्हे. ती यावीत कान तयार करण्यासाठी. आणि संगीत शिकवणाऱ्या माणसाच्या जागी ती बसवणार असाल तर मग मी विरोधकांच्या बाजूला जाऊन बसेन.

आधी विरोधकांचं काय बरोबर आहे ते बोलू, कारण त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा ते स्वतःच नीट मांडत नाहीत. गुरू-शिष्य परंपरा वगैरे राहू दे बाजूला. खरा मुद्दा नोकरीचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन! आणि कला म्हणजे चित्रकला की संगीत, की दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. म्हणजे मुळात जिथे संगीताच्या शिक्षकाला पूर्ण खुर्ची मिळालेली नाही, तिथे तुम्ही बारा कॉम्प्युटरवर संगीत ‘उपलब्ध’ करून दिलंत, तर वरून काय उत्तर येईल? लॅब आहे की, सॉफ्टवेअर आहे की, मग माणूस कशाला? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्यानं कुठल्याही ऑफिसात एखाद्या पदासाठी चार वर्षं फाइल फिरवलीय तो म्हणेलच कसा. दुसरा मुद्दाही खरा आहे. यातली बरीच सॉफ्टवेअर पाश्चात्य संगीत डोक्यात ठेवून बनलीयत. एलएमएमएसमध्ये सूर लिहायला गेलं की समोर पियानोच्या पट्ट्यांची जाळी येते, सप्तकाच्या बारा चौकटी, त्यात ठिपके ठेवत जायचं. आता सांगा, पंचमावरून गंधारावर न तुटता घसरत येणारी मींड कुठल्या चौकटीत ठेवू? म्युझस्कोर सुंदर आहे, पण ते पाच रेघांच्या नोटेशनसाठी. आणि तिसरं म्हणजे तयार लूप, फिरून फिरून वाजणारे आयते तुकडे. सातवीचा पोरगा दहा मिनिटांत चार लूप एकावर एक चढवून ‘ट्रॅक’ करतो आणि त्याला वाटतं आपण संगीत केलं. नाही केलंस बाबा, तू चार डबे एकावर एक ठेवलेस.

हे सगळं मान्य. पण यातून सॉफ्टवेअर नको हा निष्कर्ष कसा काय निघतो? ही चूक आपण एकदा केलेली आहे, आणि लहानसहान नाही. हार्मोनियमच्या बाबतीत. पेटी परकी, पेटीत मींड निघत नाही, पेटीचे स्वर समान अंतराने कापलेले त्यामुळे गंधार चढा, हे आक्षेप शंभर टक्के खरे होते. त्यावरून १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली, तीही एका पाश्चात्य संगीतकाराच्या, जॉन फोल्ड्सच्या, टीकेचा आधार घेऊन, आणि रवींद्रनाथांसारख्या माणसाचा पाठिंबा असताना. ती १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे तीस वर्षांहून जास्त. आणि या तीस वर्षांत झालं काय? रेडिओवर पेटी नव्हती आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक भजनी मंडळात, प्रत्येक शाळेच्या प्रार्थनेला, प्रत्येक गाण्याच्या क्लासात होती. पेटीचा दोष खरा होता, मग तो दोष ऐकायला कोणी शिकवलं का? नाही. बंदी घालून मोकळे झाले. पोरं चढ्या गंधारावरच सा रे ग म घोकत राहिली आणि त्यांना कुणी सांगितलंच नाही की तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार याच्या खाली आहे. तेव्हा परकं आहे, अपुरं आहे, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, अपुरं आहे हे मुलाला ऐकू कधी येणार?

आता इथंच ते सॉफ्टवेअर काय कामाचं ते सांगतो. ऑडॅसिटीत जनरेट नावाचा मेनू आहे, त्यात टोन. एका ट्रॅकवर २४० हर्ट्झचा सूर काढायचा, हा आपला सा. साधा साइन घेऊ नका, सॉटूथ घ्या, त्यात वरचे उपस्वर असतात, म्हणजे मूळ आकड्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे बारीक सूर. पातळी ०.३ ठेवा, नाहीतर दोन सूर मिळून आवाज फाटतो. दुसऱ्या ट्रॅकवर ३००, म्हणजे साच्या बरोबर सव्वापट. हा तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार. दोन्ही एकदम वाजवा. शांत, चिकटून, जणू एकच आवाज. आता ३०० खोडून ३०२.४ करा, हा पेटीतला गंधार. वाजवा. थर थर थर थर. सेकंदाला नऊ-साडेनऊ ठोके पडतात, कारण साचा पाचवा उपस्वर १२०० वर आणि या गंधाराचा चौथा साधारण १२०९.५ वर, आणि ते दोघे एकमेकांशी भांडतात. माझ्या वर्गातल्या पोरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हे डास आल्यासारखं वाटतंय.’ अगदी बरोबर. तो डास गेली दीडशे वर्षं आपल्या पेटीत बसलाय. मग आम्ही पंचम केला, शुद्ध ३६० आणि पेटीचा ३५९.६, तिथं थरथर जवळजवळ नाहीच, सेकंदाला एक ठोका पण नाही. म्हणजे पेटीचा पंचम निभावतो आणि गंधार मार खातो. हे मी गेली पंचवीस वर्षं तोंडानं सांगत आलो होतो, मुलं मान डोलवायची. आता त्यांना ऐकू येतं. आणि गंमत अशी, की त्यानंतर ती पोरं पेटीवर जास्त सावध गातात, स्वर पेटीला न टेकवता जरा आत घेतात. पेटी कुणी फेकून दिली नाही.

यात मी नवीन काही करत नाहीये बरं का. हे काम आमच्या सांगलीत शंभर वर्षांपूर्वी झालंय. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेच्या उपकरणावर लांबी मोजून, अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून, स्वरांची मापं काढली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक छापलं. त्यांच्या जोडीला क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश. दोघांनी श्रुती हार्मोनियमही करवून घेतली. देवलांचे सगळे निष्कर्ष बरोबर होते असं नाही, संगीतशास्त्रकार भातखंड्यांना तर ते पटले नाहीत, आणि १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावरून जुंपली. पण विचार करा, किराणा घराण्याचा एवढा मोठा गवई, ज्याच्या गळ्याला लोक देव मानत, तो मापाच्या तारेसमोर बसून गायला. त्याला नाही वाटलं की मोजलं म्हणजे विद्या विटाळली. पुढे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सुवर्णलता राव यांनी अॅमस्टरडॅमच्या विम व्हॅन डर मीर यांच्याबरोबर गाण्याच्या स्वरांची चालती रेघ स्क्रीनवर काढून दाखवली, आणि त्यासाठी वापरलेलं प्राट हे सॉफ्टवेअर मुळात भाषेचे उच्चार अभ्यासणाऱ्यांनी बनवलेलं, सगळ्यांना मोकळं. देवलांच्या काळी जे एका डेप्युटी कलेक्टरला निवृत्तीनंतर खपून करावं लागलं ते आज जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी दोन जीबी रॅमच्या मशीनवर करू शकते. आणि आपण ग्रुपवर भांडतोय की माउसने संगीत येतं का!

गुरुमुखी विद्येचा मुद्दा करणाऱ्यांना मी मिरजेचंच उदाहरण देतो. विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, अगदी जुन्या पद्धतीनं. आणि त्याच माणसानं १९०१ मध्ये लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, फळा, छापील पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा. तेव्हा काय कमी बोलले असतील लोक? गायकी कागदावर उतरते का, पन्नास पोरं एका वर्गात शिकतात का. आज जे पालक ग्रुपवर परंपरेच्या नावानं गळा काढतात त्यांचीच मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा देतात आणि सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लागतं. म्हणजे काल जे परंपरा मोडणं होतं ते आज परंपरा. मी असं म्हणत नाही की स्वरलिपीनं काही हरवलं नाही. हरवलं. पुस्तकातून बंदिश पाठ करणाऱ्या मुलाला बंदिशीची चाल कळते आणि चालीतला श्वास कळत नाही. पण जर पलुस्कर आणि भातखंडे नसते तर गाणं तुमच्या-माझ्या घरात आलं असतं का, की चार घराण्यांच्या माजघरातच राहिलं असतं?

मशीनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही हेही सांगायला हवं, कारण पहिल्याच महिन्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. तंबोऱ्याचा ट्रॅक आणि त्यावर ठेक्याचा ट्रॅक लावून मुलांना हेडफोन दिले, म्हटलं गा आणि रेकॉर्ड करा. मग ऐकलं तर सगळी पोरं समेच्या मागे! एक नाही, सगळी. मी अर्धा तास बडबडलो, टाळी नीट द्या, मात्रा मोजा, वगैरे. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, आपण सगळेच एकसारखं कसं चुकू?’ आणि मला घाम फुटला. माइकमधला आवाज मशीनमध्ये पोचून नोंद व्हायला वेळ लागतो, त्याची भरपाई सेटिंगमध्ये प्रत्येक मशीनप्रमाणे ठरवावी लागते, ती मी केलीच नव्हती. मग तिनं आणि मी मिळून हेडफोन माइकपाशी धरला, ठेक्याचा टक टक परत रेकॉर्ड केला, दोन्ही लाटा शेजारी ठेवून अंतर मोजलं, आकडा टाकला, पोरं समेवर आली. चूक माझी होती. पण माझ्या आयुष्यातला लयीवरचा सगळ्यात चांगला तास तो होता असं मला आजही वाटतं, कारण सम म्हणजे काय हे त्या दिवशी मुलांना सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात कळलं. तयार अॅपमध्ये हे आतल्या आत झालं असतं, किंवा झालंच नसतं आणि कुणाला कळलंही नसतं.

यावरून मूळ शब्दावर येतो, फुकट आणि मुक्त. आमच्या समर्थक मंडळींचा घोळ इथं आहे. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. मोबाइलवर तंबोरा, तबला, कराओकेची फुकट अॅप ढिगानं पडलीत, मग तीच वापरा की. का नाही वापरायची? कारण ती आज फुकट आहेत, मध्ये मध्ये गेमच्या जाहिराती दाखवतात, आणि उद्या महिन्याला पैसे मागतील किंवा बंद होतील, तुमच्या हातात काही नाही. मुक्त म्हणजे त्याचा कोड उघडा आहे, वाटायची परवानगी आहे, बदलायची परवानगी आहे. पेन ड्राइव्हवर घालून मुलानं घरी नेलं, मामाच्या कॉम्प्युटरवर टाकलं तर ती चोरी नाही. मला हे फार मोठं वाटतं. एरवी आपण शाळेत काय शिकवतो? महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाका, कोण बघतंय. म्हणजे संगीताबरोबर चोरीचाही तास.

यावर एक जाणकार पालक म्हणाले, आणि बरोबर म्हणाले, की ऑडॅसिटीचं २०२१ मध्ये काय झालं ते विसरलात का. नाही विसरलो. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी सुरू केलेलं हे काम, २००० मध्ये बाहेर आलं, वीस वर्षं स्वयंसेवकांनी सांभाळलं, आणि २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीनं ते घेतलं. लगेच वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, मग प्रायव्हसी पॉलिसी आली, आणि तिच्यात चक्क लिहिलेलं की हे १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. शाळेत वापरायचं सॉफ्टवेअर आणि मुलांना मनाई! हा आक्षेप जबरदस्त आहे. पण पुढे काय झालं तेही सांगा ना. लोकांनी बोंब मारली, माहिती गोळा करायचा प्रस्ताव मागे गेला, ती वयाची अट मूळ परवान्यातच बसत नाही हे दाखवून दिलं गेलं, पॉलिसी बदलावी लागली, आणि मधल्या काळात लोकांनी तोच कोड उचलून वेगळ्या नावानं आपली आवृत्ती काढायला सुरुवातही केली. हे कशामुळे जमलं? परवाना मुक्त होता म्हणून. बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीनं हेच केलं असतं तर शाळेनं काय केलं असतं, निषेधाचं पत्र? केरळकडे बघा, तिथल्या सरकारी शाळांच्या कॉम्प्युटरवर कित्येक वर्षं विंडोजच्या जागी मुक्त लिनक्स चालतंय, राज्याच्याच संस्थेनं शाळांसाठी बांधून दिलेलं. त्यांनी फक्त पैसे वाचवले असं समजणाऱ्यांनी परत एकदा विचार करावा. त्यांच्याकडे ते दुरुस्त करणारी, शिकवणारी, मल्याळममध्ये आणणारी माणसं तयार झाली. आपल्याकडे माणसं नाहीत का?

माणसं. परत तिथंच येतो. सॉफ्टवेअरमुळे शिक्षक कमी लागेल असं ज्याला वाटतं त्यानं एक शनिवार माझ्या वर्गात बसावं. स्क्रीनवर स्वराची रेघ दिसते, ती वाकडी आहे की मुद्दाम स्वर झुलवून घेतलेलं आंदोलन आहे, हे रेघ सांगत नाही. ते कोण सांगणार? मुलगा रेघ सरळ करायच्या नादात गळा आवळून गायला लागतो, त्याला कोण थांबवणार? मी तर नियमच केलाय, आधी कान, मग डोळा. ऐकायचं, कुठे चुकलं ते वहीत लिहायचं, आणि मगच स्क्रीन चालू करायची. नाहीतर पोरं चित्र बघून गातात. एलएमएमएस मी पहिल्या वर्षी लावूच देत नाही, यावरून माझ्यावर मुलं नाराज आहेत आणि एक-दोन पालकही, पण कान तयार व्हायच्या आधी लूप हातात देणं म्हणजे चव कळायच्या आधी मसाल्याचं पाकीट देणं. तेव्हा प्रस्ताव पाठवणाऱ्यांनी दोन ओळी वाढवाव्यात. सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे बारा बऱ्यापैकी हेडफोन आणि दोन माइकवर खर्च करा, आणि संगीत शिकवणारा माणूस नेमल्याशिवाय लॅबमधला तास सुरू करू नका. हे लिहून घ्या, तोंडी नको.

एका शनिवारी आम्ही तंबोरा घेऊन बसलो. मिरजेचाच, भोपळा थोडा चिरलेला, कारागिराकडून उसना आणलेला. तार जिथे घोडीवर टेकते त्या जवारीवरचा दोरा काढला आणि तार छेडली, रेकॉर्ड केली. मग दोरा परत तारेखाली सरकवला, जीव लागेपर्यंत हलवत बसलो, परत छेडली. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या उपस्वरांचं चित्र, लावला तर पहिल्यात खालच्या चार-पाच रेघा आणि पुढे अंधार, दुसऱ्यात शिडीसारख्या वरपर्यंत रेघाच रेघा, आणि त्या तशाच रेंगाळलेल्या. जीआय टॅग मिळाल्यापासून आमच्याकडे तंबोऱ्यावर भाषणं बरीच होतात, पण दोरा काय करतो हे मुलांना दाखवलेलं मी तरी कुठे बघितलं नाही. कारागीर शेजारी उभे होते, स्क्रीन बघून म्हणाले, ‘हे आम्ही कानानं करतो.’ म्हटलं दादा, तेच तर दाखवतोय.

आणि त्याच वर्गातला सहावीचा एक पोरगा आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊन आला. मागे पंखा घरघरतोय. त्याला शिकवलं, नुसत्या पंख्याचा दोन सेकंदांचा तुकडा निवड, तो मशीनला ओळखायला दे, मग सगळ्यातून तेवढा आवाज वजा कर. पठ्ठ्यानं सगळी बटणं टोकाला नेली. पंखा गायब, पोरगा खूश. पुढच्या शनिवारी आजीला घेऊन आला, तिच्या कानाला हेडफोन लावला. आजीनं दोन ओव्या ऐकल्या आणि हेडफोन कानाला असल्यामुळे लॅबभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘पंखा राहू दे रं, माझा आवाज पत्र्याचा केलास.’ पोरानं माझ्याकडे बघितलं, मग मूळ रेकॉर्डिंग परत उघडलं आणि आवाज वजा करायचा आकडा टोकावरून सहावर आणला.